पितळी झडपेतली दोन भोकं

मी शाळेत होते तेव्हा माझ्या वह्यांना पेट्रोलचा वास यायचा. घर म्हणजे एकच खोली. आबा काम संपवून आले की कपडे ज्या खुंटीवर टांगायचे, तिच्याखालीच माझं दप्तर. पाचवीत बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. बाकीच्या पोरींना वाटलं, मी बाईंची लाडकी. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि मी ते घरी सांगितलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. गारगोटीकडच्या एका वाडीतनं ते मिसरूड फुटायच्या आधी कोल्हापुरात आले, उद्यमनगरात एका वस्तादाच्या हाताखाली राहिले आणि एकच काम शिकले: कार्बुरेटर. इंजिनात पेट्रोल आणि हवा योग्य मापानं मिसळून सोडणारा तो भाग. पुढं एका कारखान्याच्या कंपाउंडला पत्रा टेकवून त्यांनी स्वतःचं बस्तान मांडलं. गिऱ्हाईक म्हणालं, "ब्रेकबी बघा की जरा," तर आबा म्हणायचे, "ब्रेकवाला पलीकडं बसतोय." कार्बुरेटर सोडून कशाला हात लावायचे नाहीत.

आई फाउंड्रीत जायची. ओतीव कामात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे आकार बसवतात, ते करायला. घरात सायकल एक. सकाळी आईला फाउंड्रीत सोडून आबा उद्यमनगरात जायचे, दुपारी मी चालत जाऊन सायकल घ्यायची आणि शाळा गाठायची, संध्याकाळी परत तिथं नेऊन द्यायची. तिघांच्या वेळा त्या एका सायकलवर बसवलेल्या. ती पंक्चर झाली की त्या दिवशी तिघांपैकी एकाचा खाडा ठरलेला, आणि तो बहुतेक वेळा आईचा असायचा.

आमच्या घराण्यात बारावी झालेलं कुणी नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा चुलत्यांनी आबांना विचारलं, "पोरीला मेकॅनिकल कशाला? पंक्चर काढाय बसवणार हाईस व्हय?"

आबा म्हणाले, "बसवीन की. पर डिग्री घेऊन बसंल."

मी डिग्री घेतली. शिरोलीत एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी गळ्यात नाव छापलेलं ओळखपत्र आलं. पण नेमक्या त्याच वर्षांत आबांचं काम आटत गेलं. नव्या गाड्यांना कार्बुरेटर नसतोच. संगणकानं चालणारं इंजेक्शन असतं, त्याला पेट्रोलचं माप ठरवणारी आबांची सुई आणि आबांचे कान लागत नाहीत. आधी मोटारी कमी झाल्या, मग स्कूटर, मग मोटरसायकली. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचे तर आबा काल वेगळे करून ठेवलेले जेट आज परत वेगळे करत बसलेले असायचे. जेट म्हणजे ज्यातनं पेट्रोल येतं ती भोक असलेली पितळी खिळी.

एका रविवारी जेवताना त्यांनी सांगितलं, "एक तारखेपासनं मी गेटवर बसणार हाय. हिच्या फाउंड्रीत वॉचमन पाहिजे म्हणालेत."

मी म्हटलं, "काय गरज हाय, आबा? मी मिळवतो की." आमच्या कोल्हापुरात पोरीही बोलताना ‘मी मिळवतो’च म्हणतात.

"तुझ्या जिवावर बसून खायाला मी अजून म्हातारा न्हाय झालो."

"मग काम करा. पण तुमचं काम करा."

"माझं काम ऱ्हायलंय कुठं?" असं म्हणून त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. आबा कुणाच्या तरी गाड्यांच्या नोंदी लिहीत लोखंडी स्टुलावर बसलेत, हे चित्र मला बघवत नव्हतं. मी शिकले ते त्यांच्या हाताच्या जोरावर. ते हात रिकामे राहू द्यायचे नाहीत, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. कसं, ते माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती जीप आली.

तिचा मालक पन्हाळ्याचा. तिथं त्याचं हॉटेल आहे. वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, दंडावर दगडधोंड्यात खरचटल्याच्या खुणा. डोंगरउतारावर, चिखलात, खाणीत जीपा चढवायच्या शर्यती होतात, त्यातला हा हौशी. मी पहिली पाळी करून तीनला सुटले होते, म्हणून तिथं होते.

"पावणं, कार्बुरेटरवालं तुम्हीच काय?"

"एक तारखेपर्यंत तरी मीच," आबा म्हणाले.

"बघा की हिच्याकडं. पळताना वाघ हाय, पर उभी ऱ्हात न्हाय. स्लो धरतच न्हाय."

गाडी उभी असताना, पाय न लावता इंजिन जे हळू चालत राहतं, त्याला आमच्यात स्लो म्हणतात. पुस्तकात आयडल. या जीपच्या जुन्या पेट्रोल इंजिनात त्यानं शर्यतीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडमीट करणारा दांडा, टाकून घेतला होता आणि वर बाहेरच्या देशातनं मागवलेला दोन नळ्यांचा मोठा कार्बुरेटर बसवला होता. दिसायला दागिना. पण इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा पंधराशेच्या खाली आला की इंजिन आचके देऊन बंद.

"गेल्या टायमाला लायनीत उभा हुतो," तो सांगायला लागला. "माझा नंबर यायच्या आधी चारदा मेली. पाचव्यांदा प्लगच काळं झालं. पोरं म्हणली, दादा, ढकलायची शर्यत पलीकडं हाय."

आबा हसले. कितीतरी दिवसांनी.

"चौघांनी हात लावला. आता पुण्याचं म्हणत्यात, कार्बुरेटर फेका, इंजेक्शन बसवा. आमच्यात सात जीपा हायत, मामा, सगळ्या कार्बुरेटरच्या. पुढल्या ऐतवारी शर्यत हाय. हिचं स्लो बसलं तर साती जीपा तुमच्याकडं. न्हाय बसलं तर साती पुण्याला. सरळ सांगतोय."

"सरळच सांगावं," आबा म्हणाले. "ठेवून जा."

आबांची ऐकायची एक पद्धत आहे. इंजिन चालू करायचं आणि त्याच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभं राहायचं. बघत बघत ऐकलं की डोळे मध्ये बोलतात, असं त्यांचं म्हणणं. पण इतर दिवशी उद्यमनगरात लेथ आणि प्रेसचा इतका गोंगाट असतो की पाठ करून काय, कान लावूनही काही कळायचं नाही. म्हणून आम्ही सोमवारची वाट बघितली. सोमवार म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीचा वार. उद्यमनगर बंद, मीही मोकळी.

सोमवारी सकाळी थंडी होती. आबा पाठ करून उभे राहिले, मी पायानं पंधराशेवर धरलं. ते मागं वळले, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घातला. हा स्क्रू स्लोचं पेट्रोल कमीजास्त करतो. पूर्ण आत गेला की इंजिन बंद पडायलाच हवं. इथं पूर्ण आत गेला, इंजिनाला कळलंसुद्धा नाही. दुसरा स्क्रू. तोही तसाच.

"स्क्रूचं ऐकत न्हाय," आबा म्हणाले. "म्हंजे दुसरीकडनं खातंय."

चौघांनी हात लावला होता, त्यातल्या एकानंही हे ओळखलं नव्हतं. आबांनी पाच मिनिटांत ओळखलं. आता ‘दुसरीकडनं’ म्हणजे कुठनं, ते मला दाखवता येणार होतं.

आम्ही कार्बुरेटर काढून उलटा केला. दोन्ही नळ्यांच्या तळाला एकेक झडप असते: पितळेची गोल चकती, आडव्या दांडीवर बसवलेली. पाय दाबला की ती उघडते. ती जिथं मिटते तिथंच नळीच्या भिंतीत एक उभी बारीक खाच असते. झडप उघडायला लागली की त्या खाचेतनं जादा पेट्रोल यावं, अशी तिची योजना. गाडी उभी असताना खाचेचं फक्त टोक दिसायला पाहिजे. इथं अख्खी खाच उघडी होती.

"हे बघा, आबा. शर्यतीच्या कॅमशाफ्टमुळं हळू चालताना इंजिनाची ओढ कमी होते. त्याला हवा पुरत नाही. हवा मिळावी म्हणून चौघांनी झडप उघडत नेली. झडप उघडली तशी खाच उघडी पडली, आणि खाचेतनं पेट्रोल बदाबदा. म्हणून प्लग काळे."

"मग झडप मिटव."

"मिटवली की हवा नाही. बंद पडतंय."

"मग?"

"झडप मिटलेली ठेवायची आणि हवा तिच्यातनंच द्यायची. दोन्ही चकत्यांना एकेक बारीक भोक पाडायचं."

आबांनी कार्बुरेटर माझ्या हातातनं काढून घेतला. शब्दशः काढून घेतला.

"भोक? कार्बुरेटरला?"

"झडपेला."

"एकच हाय ते. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलेलं, सुई आन हवा, तिसरं काय लावायचं न्हाय. जेटला ड्रिल घालणारी लोकं मी बघितल्यात. दोन दिवस गाडी पळती, मग पेट्रोल पिती. ते मेकॅनिक न्हवंत, सुतार हायत सुतार."

"जेटला नाही घालत मी."

"तुझ्या पुस्तकात पितळ परत उगवतंय काय?"

त्यांचं खोटं नव्हतं. पितळ कमी केलं की परत येत नाही. आणि ही चकती बाहेरच्या देशातली, शाहूपुरीतल्या स्पेअर पार्टच्या एकाही दुकानात मिळणारी नव्हती. मी म्हटलं, "आबा, भोक न पाडता दाखवलं तर?"

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं मी सलाईनची नळी आणली. तिच्यावर एक छोटं चाक असतं. फिरवलं की नळी दबते, थेंब कमीजास्त होतात. ती नळी मी कार्बुरेटरच्या खाली, इंजिनाकडं जाणाऱ्या पाइपच्या एका रिकाम्या तोंडाला जोडली. आता चाक फिरवून इंजिनाला हवी तेवढी हवा बाहेरनं देता येणार होती. झडप मिटवली, खाच झाकली, गाडी चालू केली आणि चाक फिरवलं.

आबा पाठ करून उभे होते. आचके कमी झाले. त्यांची मान किंचित वळली. मी मिश्रणाचा स्क्रू अर्धा आत घातला, आणि इंजिन लंगडलं. परत बाहेर काढला, सावरलं.

"आयला," आबा म्हणाले. "ऐकाय लागलं की."

"लागलं ना?"

"मग ही नळीच ऱ्हाऊ दे की."

"चिखलात, धुळीत? फिल्टर नाही तिला. आणि हवा एकाच बाजूनं जाते, चारी सिलिंडरला सारखी पोचत नाही."

त्यांनी स्वतः चाक एकदा मिटवून, उघडून बघितलं. मग म्हणाले, "बरं. पाड. पर इंजिन अजून गार हाय. गरम होऊ दे, मग चाकाचं माप घे."

इथं मी चुकले. ती चूक माझीच होती. मी जिंकले होते ना, मला थांबायचं नव्हतं. मी म्हणाले, "हवा ती हवाच, आबा. गार काय आणि गरम काय." नळी जेवढी उघडी होती त्याचं क्षेत्रफळ काढलं, दोन चकत्यांत वाटलं, दोन मिलिमीटरचं भोक निघालं. हिशेब बरोबर होता, अजूनही कागदावर तपासला तर बरोबरच येतो. ओळखीच्या एका वर्कशॉपचं दार उघडायला लावलं आणि ड्रिल मशीनवर दोन्ही भोकं पाडून आणली.

कार्बुरेटर बसवला. गाडी लगेच चालू झाली, अकराशेवर थांबली. मी आबांकडं बघून हसले. मग इंजिन गरम होत गेलं आणि काटा चढत गेला. बाराशे. तेराशे. चौदाशे. गार इंजिनाचं तेल घट्ट असतं, त्याला फिरायला जास्त हवा लागते. गरम झालं की तेवढीच हवा त्याला फार होते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

झडप किती मिटते ते ठरवणारा झडपेचा स्क्रू आबांनी बघितला. "पूर्ण मिटलीया. आता कमी करायला काय उरलंच न्हाय."

तेवढ्यात पन्हाळ्याहून फोन आला. आबांनी उचलला. "व्हय. ... व्हतंय की. ... व्हय व्हय, शर्यतीच्या आधी." फोन ठेवला. मी खाली बघत होते.

"खोटं न्हाय बोललो," ते म्हणाले. "व्हतंय."

"कसं होतंय, आबा? पितळ परत उगवत नाही म्हणाला होता ना तुम्ही."

"उगवत न्हाय. पर बुजवता येतं. हुपरीला जा."

हुपरीत घरोघर चांदीचे दागिने करतात. तिथल्या एका कारागिराची स्कूटर आबांनी बारा वर्षं सांभाळली होती. मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आणि दोन्ही चकत्या रुमालात बांधून गेले. चकत्या दांडीवरनं काढायचं काम आबांनी केलं. त्यांचे बारीक स्क्रू मागनं ठोकून फुलवलेले असतात, म्हणजे सुटून इंजिनात पडू नयेत. आबांनी ती फुलवलेली टोकं कानसेनं इतकी हलकी घासली की स्क्रू परत वापरता आले.

कारागीर म्हाताराच होता. भिंगातनं चकती बघितली आणि म्हणाला, "पोरी, आम्ही पैंजणाला भोक पाडतो. बुजवायला आजवर कुणी आलं न्हाय."

"चुकून मोठं पडलं, काका."

"कुणाच्यानं?"

"माझ्याच्यानं."

"शिकल्याली दिसतीस," तो म्हणाला आणि हसला. त्यानं डाग द्यायच्या मिश्र चांदीचा बारीक तुकडा ठेवला, फुंकणीनं ज्योत धरली, चांदी वितळून भोकात बसली. मग दगडावर पाणी घालून चकती दोन्ही बाजूंनी घासली. वाकली नव्हती. मधे फक्त एक पांढरा ठिपका उरला होता. निघताना त्यानं सुईसारखी बारीक ड्रिलं आणि ती धरायची मूठ दिली. "हे हातानं फिरवायचं. मशीन लावशील तर तुटंल. आणि तुटलंच तर येऊन सांगू नगंस, जिवाला लागतंय."

घरी आल्यावर मी चकती आबांपुढं ठेवली. ठिपक्यावरनं अंगठा फिरवून ते म्हणाले, "दे हिकडं. पाडायचंच हाय तर हातानं पाडू."

तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसानं कार्बुरेटरला ड्रिल लावलं नाही, त्यानं बुधवारी दुपारी लावलं. मांडीवर फडकं, फडक्यावर चकती, दोन बोटांत मूठ. पितळेचा चुरा मिठासारखा पडत होता. पहिलं भोक एक मिलिमीटरचं. मग चकत्या परत दांडीवर. झडप नळीत सगळीकडनं सारखी बसली पाहिजे, नाहीतर कडेनं हवा शिरते आणि सगळं माप खोटं ठरतं. आबा कार्बुरेटर उन्हाकडं धरून आत बघायचे. कडेला उजेडाची रेघ दिसली की चकती केसभर सरकवायची. रेघ गेली, नुसता भोकाचा ठिपका चमकायला लागला, की स्क्रू आवळायचे.

आता ऐकायचं कसं, हा प्रश्न होता. सोमवार गेला होता, चारी बाजूंनी लेथ चालू होते. पण साडेचारला चहाची सुट्टी होते, पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांसाठी आम्ही इंजिन आधीपासून गरम करून ठेवायचो. किती गरम, तर रेडिएटरच्या पाइपला हात टिकू नये इतकं. या वेळी मी घाई केली नाही, आबा म्हणतील तेव्हाच माप घ्यायचं.

बुधवारी एक मिलिमीटर. चालू राहिलं, पण झडप अजून जास्त उघडी ठेवावी लागत होती. आबा पाठ करून म्हणाले, "भूक हाय अजून त्याला." गुरुवारी एक पूर्णांक दोन. बरंच बसलं, मधनंच एक ठोका चुकत होता. तेवढ्यात शेजारच्या लेथवाल्यांचा चहा संपला आणि मशीन घरघरायला लागली. आबांनी हात झटकले. "उद्या."

शुक्रवारी एक पूर्णांक तीन. चकत्या बसवून, उजेड बघून, कार्बुरेटर चढवून होईपर्यंत चहाची सुट्टी संपून गेली. उद्या जीप न्यायला मालक येणार होता. मी इंजिन गरम करत होते, आणि काही ऐकू येत नव्हतं. काटा दिसत होता मला, पण काट्यावर आबांचा विश्वास नाही, आणि सोमवारनंतर माझाही राहिला नव्हता.

शेजारच्या वर्कशॉपचा मालक दारात येऊन उभा होता. रोज पंधरा मिनिटं आमची धावपळ बघत होता तो. काय वाटलं कोण जाणे, आत वळून ओरडला, "बंद करा रं मशिनी! मामा ऐकाय लागलेत."

एकेक लेथ थांबला. पलीकडच्या प्रेसवाल्यालाही त्यानं हात केला. प्रेसवाला म्हणाला, "किती वेळ?" हा म्हणाला, "ऐकून हुईस्तोवर."

सगळे दारात येऊन उभे राहिले. आबा पाठ करून रस्त्याकडं बघत होते. मी झडपेचा स्क्रू सोडत गेले. बाराशे. अकराशे. हजार. नऊशेला मी हात काढला. इंजिन चालू होतं. शर्यतीच्या कॅमशाफ्टचं जाड, डुलत जाणारं स्लो, पण एकही ठोका न चुकवता. आबांनी न बघता हात मागं केला, दोन बोटं आत वळवली: स्क्रू घाल. मी मिश्रणाचा एक स्क्रू पाव फेरा आत घातला. इंजिन जरा दबलं. काढला, उठलं. दुसरा. तोही ऐकत होता. एका स्क्रूला एक, दुसऱ्याला एक, अशी उत्तरं.

मिनिटं गेली. पंखा फिरला, थांबला. काटा हलला नाही. आबा वळले.

"मोठं करायचं काय अजून?" मी विचारलं. "गरम इंजिनाच्या हिशेबानं एक पूर्णांक चार येतंय."

"हिशेबाला सांग, पोट भरलं."

आम्ही एक पूर्णांक तीनवरच थांबलो. कागदात नाही, इंजिनात ते बरोबर होतं.

लेथवाला म्हणाला, "झालं व्हय, मामा?"

"झालं."

"नाद खुळा!" तो ओरडला आणि मशीन परत सुरू झाली.

रविवारी आईनं आणि मी रजा टाकली आणि आबांबरोबर पन्हाळ्याच्या पायथ्याला गेलो. एका जुन्या खाणीत शर्यत होती. आमच्या जीपच्या पुढं सहा गाड्या. तिसरी गाडी चढावर दगडांत अडकली आणि ती काढायला वेळ लागत गेला. ऊन चढलं. लायनीतल्या गाड्या एकेक करून बंद पडायला लागल्या, कुणी मुद्दाम बंद केल्या. आबा जीपकडं पाठ करून उभे होते. आई म्हणाली, "अवो, शर्यत तिकडं हाय." ते म्हणाले, "माझी हिकडं हाय."

पाऊण तास जीप चालू राहिली. मालकानं दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली होती, मुद्दाम, सगळ्यांना दिसावं म्हणून. गेल्या वेळी हसलेल्या पोरांतला एक आला. "दादा, चालू हाय का बंद?"

"हात लाव बॉनेटला. भाजंल."

निशाण पडलं. मला भीती होती ती पुढच्या क्षणाची, कारण इतका वेळ हळू चाललेलं इंजिन पाय दाबल्यावर घुटमळतं. ते घुटमळलं नाही. एकदाही न अडखळता जीप चढली, वळणावर थांबवावी लागली तिथं स्लोला थांबली, परत उठली. तिचा तिसरा नंबर आला. मालक खाली उतरून धावत आला तो जणू पहिलाच आलाय.

"मामा! चौघांना जमलं न्हाय ते केलंसा! केलं काय नेमकं?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "डोकं हिचं. भोक माझं."

"आणि पयलं चुकलेलं भोक?" मी म्हटलं.

"तेबी तुझंच," आबा म्हणाले. आई इतकी हसली की आजूबाजूचे वळून बघायला लागले.

मालक म्हणाला, "साती जीपा उद्यापासनं."

"उद्या सोमवार हाय," आबा म्हणाले. "सोमवारी एकच आणा. ऐकायला लागंल."

इंजिन गरम झालं की त्या जीपचं स्लो आजही नऊशेवर थांबतं. एक तारखेला आबा फाउंड्रीच्या गेटवर गेले नाहीत. आईनं तसा निरोप दिला. साती जीपा आल्या, मग त्यांच्या ओळखीच्या आणखी आल्या. सोमवारी हिशेब मी करते, ऐकतात आबा, आणि इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय आम्ही दोघंही माप घेत नाही. माझे वडील आजही कार्बुरेटरचं काम करतात.